एप्रिलात टिकणारा गॅनोडर्मा : प्रकल्प नोंदी

२४ जून २०२४

पाऊस पडून आठवडा झाला. शेडमध्ये दुपारी ३१ अंश, आर्द्रता आपोआप. आता फेब्रुवारीपर्यंत गॅनोडर्माची, म्हणजे शेडमधल्या औषधी भूछत्राची, फार काळजी नाही. रडगाणं सुरू होतं ते मार्चनंतर.

बुरशींच्या वाणांच्या संग्रहातून आणलेला वाण (पुढे सगळीकडे 'सं') २८ ते ३० अंशांत झकास येतो. पण शेड ३६ च्या वर गेली की पिशवीतलं मायसेलियम (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) पिवळट पडतं आणि कळ्या जागच्या जागी सुकतात. एसी लावा, असं सगळे सांगतात. अमळनेरला एप्रिल-मे महिन्यांत एसीचं बिल भरायचं आणि वाळवलेलं गॅनोडर्मा किलोवर विकायचं, म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

म्हणून यंदा उलट्या बाजूने जायचं. शेड वाणाला जुळवायची नाही, वाण शेडला जुळवायचा. ३५ ते ३८ अंशांत तग धरणारा, टोपी नीट पसरवणारा, आणि औषधी घटकांत 'सं'पेक्षा उणा नसलेला. तिसरी अट मी मुद्दाम लिहून ठेवतेय. वजनाच्या नादात तिचाच पहिल्यांदा विसर पडतो.

९ जुलै

जिभाऊंनी सकाळी बोलावून नेलं. धुळे रस्त्यावरच्या म्हाताऱ्या गुलमोहराच्या बुडाशी तीन टोप्या आल्या आहेत. तांबड्या-तपकिरी, लाखेसारखी चकाकी, कडेला बोटभर पांढरी किनार. किनार पांढरी म्हणजे वाढ अजून चालू. खालची बाजू मलईसारखी पांढरी, नखाने ओरखडलं की तिथे तपकिरी रेघ उमटते. सगळ्यात जुन्या टोपीवर कोको पावडरसारखा थर बसला होता. ते बीजाणू. पडतात खालच्या छिद्रांतून, पण हवेच्या झोताने वर येऊन टोपीवरच बसतात.

"हाई काय शे ताई? खावानं शे का?"

खायचं नाही, काढा करतात म्हटल्यावर जिभाऊंनी तुकडा मोडून दाढेखाली धरला. "कडू जहर शे हाई!" कडू लागणं चांगलंच. गॅनोडर्माचा कडूपणा बहुतांशी त्रिटर्पेन नावाच्या औषधी घटकांचा असतो आणि आपल्याला तेच हवे आहेत.

झाड मात्र वाचणार नाही. ही बुरशी मुळं आणि बुंधा आतून कुजवते. वरून दिसते तेव्हा आतलं काम झालेलं असतं. बाभूळ, शिरीष, गुलमोहर, नारळ, कोणालाही सोडत नाही.

हे झाड दर मे महिन्यात ४४-४५ अंशांचं ऊन खातं, तर त्याच्यातली बुरशीही उन्हाला सरावलेली असणार, असा माझा हिशेब आहे. बुंध्याच्या आत बाहेरच्याइतकं तापत नाही, त्यामुळे हा नुसता अंदाज. खरं काय ते प्लेट सांगेल. या वाणाचं नाव 'गु'.

एक टोपी काढली, दोन तिथेच ठेवल्या. उद्या यातून काही विकायला निघालं तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं, २००२ च्या कायद्याप्रमाणे. जागा, तारीख, झाड, फोटो वेगळ्या फाईलला लावले.

१२ जुलै

टोपीच्या आतला गर काढून प्लेटमधल्या माल्ट-अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर) लावला. याने 'गु' जसाच्या तसा मिळेल. पण 'गु' जसाच्या तसा नको आहे. देठ जाड, टोपी वेडीवाकडी, बाजारात कोणी हात लावणार नाही. उष्णता 'गु'ची आणि रूप 'सं'चं, असा मेळ पाहिजे. त्यासाठी बीजाणू लागतात.

काळ्या कागदावर छाप घेतला. टोपी रात्रभर कागदावर, वर काचेचं भांडं.

२१ जुलै

संकराच्या आधी नावाची भानगड मिटवावी लागते. बाजारात, पुस्तकात, पाकिटावर, सगळीकडे 'गॅनोडर्मा लुसिडम'. ते नाव १७८१ साली लंडनच्या पेकहॅम भागातल्या नमुन्यावरून पडलं. चीन-जपानात लिंगझी किंवा रेशी म्हणून पिकवतात ती वेगळी जात असल्याचं पुढे जनुकीय तपासणीत दिसलं आणि २०१२ मध्ये तिला 'लिंगझी' हे स्वतंत्र नाव मिळालं. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातले नमुने तर आणखीच सरमिसळ. आपलं कुळ पाकिटावरच्या नावात शोधण्यात अर्थ नाही.

दोन जाती वेगळ्या असतील तर संकर होणारच नाही, सगळा हंगाम पाण्यात. म्हणून 'सं' आणि 'गु' दोघांचे नमुने आयटीएस तपासणीला (जात ओळखायची डीएनए तपासणी) पाठवले.

२ ऑगस्ट

अहवाल आला. दोघं एकाच गटात बसतात, विलायती लुसिडमपासून दोघंही लांब. संकराला हरकत दिसत नाही.

बीजाणू उगवायला लागले. गॅनोडर्माच्या बीजाणूला दुहेरी भिंत असते, त्यामुळे उगवणारे थोडे आणि उगवतात तेही आळसात. प्लेटवर हजारो पसरले तरी वर येतात मोजकेच. फायदा असा की गर्दी होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकटा ठिपका हेरून, सुईने अगारच्या कणासकट उचलून नव्या नळीत ठेवते. दोन ठिपके जवळ असले तर ते सोडून देते.

या बाबतीत गॅनोडर्मावाले नशीबवान. बटण मशरूमच्या बहुतेक बीजाणूंत दोन केंद्रकं आधीच जोडीने बसलेली असतात, एकटं केंद्रक शोधण्यातच जीव जातो. तरी हॉलंडमधल्या हॉर्स्टच्या संशोधन केंद्रातून १९८१ च्या सुमारास यू-१ हा संकर बाहेर आला आणि बघता बघता जगभरची शेडं त्याने व्यापली. गॅनोडर्माचा एक बीजाणू म्हणजे एक केंद्रकाची वेगळी रेघ, म्हणजे स्वतंत्र वंश. निम्मं काम निसर्गानेच केलेलं.

१३ ऑगस्ट

कानबाईचे रोट चालू आहेत, कामाला कोणी नाही. फक्त प्लेटा बघितल्या. दोन हिरव्या पडल्या होत्या, ट्रायकोडर्मा नावाची आगंतुक बुरशी. न उघडता कुकरमध्ये.

२९ ऑगस्ट

एकेरी रेघा आता चांगल्या धरल्या आहेत. दिसायला कृश, जोडीच्या मायसेलियमपेक्षा हळू आणि विरळ.

आधी 'गु'च्या भावंडांची आपसात जुळणी लावली. गॅनोडर्माचं लग्न दोन जनुकस्थानांवर ठरतं, त्यांना अ आणि ब म्हणू. एका टोपीतून चार प्रकारचे बीजाणू निघतात आणि अ आणि ब दोन्ही वेगळे असतील तरच जुळतं. म्हणजे भावंडांत साधारण चारात एक जोडी. कोण कोणत्या प्रकारचा हे त्यातून कळतं. अ वेगळा पण ब सारखा असेल तर फसवी कडी दिसते, बाजूला वळलेली पण मागच्या पेशीला न जुळलेली. घाईत बघणारा तिला खरी समजून पुढे जाईल.

वहिनी विचारत होत्या, सगोत्र चालत नाही असंच ना? जवळपास तसंच.

१० सप्टेंबर

'गु' आणि 'सं' यांच्या एकेरी रेघा समोरासमोर लावल्या होत्या, दोघींत बोटभर अंतर. आज पाहिलं तर बहुतेक सगळ्या जुळल्या आहेत. अपेक्षा तीच होती. अ आणि ब यांचे प्रकार निसर्गात पुष्कळ, त्यामुळे दोन परक्या वाणांत तेच प्रकार असण्याची शक्यता फार कमी. भावंडांत चारात एक, परक्यांत जवळपास सगळे.

खरी खूण सूक्ष्मदर्शकाखालीच. पुढे सरकणाऱ्या कडेचा बारीक तुकडा, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूचा थेंब, वर कव्हरस्लिप. ४०० पटीत धागे निळे दिसतात आणि जिथे आडवी भिंत आहे तिथे बाजूला एक कडी, पिशवीच्या बंदासारखी, एका पेशीतून निघून मागच्या पेशीला चिकटलेली. तीच क्लॅम्प. नव्या पेशीत दोन्ही घरांचं एकेक केंद्रक पोचावं म्हणून ही वाट. गॅनोडर्मात ती बारीक असते आणि प्लेटच्या मधल्या जुन्या भागात सापडत नाही. कडेलाच शोधायची, तीही फोकस वरखाली करत. सापडली की ओळीने सापडत जाते.

२७ सप्टेंबर

हा भाग सविस्तर लिहिते, कारण सहसा कोणी सांगत नाही.

दोन रेघा भेटल्या की केंद्रकं एकमेकांच्या घरात शिरतात आणि जुन्या धाग्यांतून मागे मागे सरकत जातात. मायटोकॉन्ड्रिया मात्र जागचे हलत नाहीत. परिणाम असा, की प्लेटच्या डाव्या टोकाचा तुकडा आणि उजव्या टोकाचा तुकडा यांत केंद्रकं तीच, पण पेशीचं इंजिन वेगळं. कागदावर एक संकर, प्रत्यक्षात दोन.

बहुतेक ठिकाणी मधल्या रेषेजवळचा तुकडा उचलतात आणि तिथे दोन्हींची सरमिसळ असते. मी प्रत्येक जोडीचे दोन्ही टोकांचे तुकडे घेतले आणि क्रमांकापुढे बाजू लिहिली: ११-गु, ११-सं. नळ्या दुप्पट झाल्या, फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नाही. नाना काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दूध दुसऱ्या फ्रीजमध्ये गेलं.

१९ ऑक्टोबर

उष्णतेची पहिली चाळणी. सगळ्या जोड्या ३०, ३५ आणि ३८ अंशांवर. शिवाय एक संच दोन दिवस ४० वर ठेवून परत ३० वर, मेलं की नुसतं थांबलं ते बघायला. वाढ थांबणं आणि मरणं यांत शेडच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. दुपारी थांबून रात्री पुन्हा चालू लागणारा वाण मला चालेल.

३० अंशांवर सगळ्यांत पुढे ७ क्रमांक. प्लेट भरून मोकळा, कापसासारखा दाट. ३८ वर मात्र तोच सर्वांत आधी बसला. ११ क्रमांक ३० वर मध्यम, दिसायला काही खास नाही, पण ३८ वर रोज थोडा थोडा सरकतच होता. ४० वरून परत आणल्यावर ११-गु तिसऱ्या दिवशी पुन्हा चालू झाला, ११-सं झाला नाही. केंद्रकं तीच, बाजू वेगळी. एकाच जोडीत दिसलेली गोष्ट आहे, नियम म्हणून लिहीत नाही. पण दुधाची जागा खाल्ल्याचं आज सार्थक झालं.

१४ क्रमांकाच्या प्लेटला वेगळाच रंग, पिवळसर-तपकिरी, मागून पाहिलं तर जवळजवळ गंजासारखा. ठेवला.

८ नोव्हेंबर

भुश्यावर चाचणी. आमच्याकडे आंब्या-बाभळीचा भुसा वखारीत मिळतो. पऱ्हाट्या तर फुकट, लोक बांधावर जाळतात. पऱ्हाटी बारीक करून निम्मी मिसळावी असा विचार होता, पण कपाशीवरच्या फवारण्या आठवल्या. भूछत्रं जमिनीतले-लाकडातले धातू शोषून घेतात हे जगजाहीर आहे. औषध म्हणून विकायच्या मालात फवारणीचा अंश नको. पऱ्हाटी तपासणी होईपर्यंत बाहेर.

भुसा ८०, गव्हाचा कोंडा २०, थोडं जिप्सम आणि चुना, ओलावा ६५ टक्क्यांच्या आसपास. मुठीत दाबलं तर ओल जाणवावी, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. वहिनींची मूठ मीटरपेक्षा भरवशाची आहे. पीपीच्या पिशव्या, तोंडाला रिंग आणि कापसाचं बूच, १२१ अंशांवर दोन तास.

आत्ता फक्त मायसेलियम भुसा कसा धरतं ते पाहायचं. फळ थंडीत काढून उपयोग नाही. डिसेंबरच्या रात्री इथे दहा-बारा अंशांवर येतात. खरी परीक्षा उन्हातच घ्यायची.

१७ डिसेंबर

चोपड्याहून एक गृहस्थ आले होते. घरात कर्करोगाचा रुग्ण. कोणीतरी मोबाईलवर दाखवलं की गॅनोडर्माने गाठ विरघळते, म्हणून शोधत आले. चहा दिला, आणि विकलं नाही.

त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, शेडमध्ये कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचं आहे म्हणून. जपानमध्ये ट्रामेटिस नावाच्या भूछत्रातून काढलेलं पीएसके १९७७ पासून औषध म्हणून मान्य झालं, पण केमोथेरपीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. गॅनोडर्माबद्दल कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१६ चा आढावा स्पष्ट आहे: कर्करोगावर पहिला उपचार म्हणून वापरावं इतका पुरावा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. टाटात चालू असलेला उपचार बंद करू नका, एवढं वचन त्यांच्याकडून घेतलं.

धंदा बुडवायची लक्षणं, असं पुतण्या म्हणाला. असेल.

२२ फेब्रुवारी २०२५

७, ११-गु, ११-सं, १४-गु आणि तुलनेला 'सं' व 'गु'. सगळ्यांच्या पिशव्या एकाच दिवशी, एकाच भुश्याच्या. रॅकवर वाणवार न लावता चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या, कारण शेडचा पश्चिमेचा कोपरा दुपारी दोन-तीन अंशांनी जास्त तापतो. एकाच वाणाच्या वाट्याला तो कोपरा आला तर सगळं पितळ उघडं पडायच्या ऐवजी झाकलं जाईल.

२६ मार्च

पिशव्या भरल्या, पृष्ठभाग तपकिरी-लाल, मग पांढऱ्या गाठी. ७ आणि 'सं' आघाडीवर. पिशव्यांची तोंडं उघडली, तागाची पोती भिंतींवर ओली, प्रकाश पुरेसा.

हवा खेळती नसेल तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टोपी होतच नाही, हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटत राहतात. काही जण शिंगंच मुद्दाम पिकवतात, त्यांनाही गिऱ्हाईक आहे. आपल्याला टोपी हवी, म्हणून खालच्या खिडक्या दिवसभर उघड्या.

११ एप्रिल

१४-गु ने शिंगंच काढली. शेजारी त्याच हवेत ७ ने तबकासारखी गोल टोपी धरलीय, तेव्हा दोष हवेचा नाही. वाणाचाच स्वभाव.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी पोरी झोक्यावर, गाणी चालू. दुपारी अकरा ते साडेचार वीज नाही. पंखे बंद, पाण्याची मोटर बंद. बाहेर ४४, शेडमध्ये पोती सुकल्यावर ३९. घागरीने पाणी मारलं, त्यावर जितकं उतरलं तितकं.

वैताग आला, पण अशी चाचणी इनक्युबेटरमध्ये घेता आली नसती. हवेची कोरड आणि ताप एकाच वेळी.

३ मे

आखाजीचा निकाल. 'सं'च्या कडा करपल्या, पांढरी किनार पिवळी होऊन वाढ संपली. ७ चीही तीच गत. मार्चमध्ये आलेल्या टोप्या मोठ्या होत्या, पण दुसऱ्या भराच्या कळ्या सगळ्या सुकल्या. ११-सं अर्धवट. ११-गु ची किनार दोन दिवस मळकट दिसली आणि आज पुन्हा पांढरी. मूळ 'गु' तर ढिम्म हलला नाही, पण रूप तेच, गाठोड्यासारखं.

१६ मे

काढणी किनारीची पांढरी रेघ संपल्यावरच, सगळ्या वाणांना एकच नियम. कोवळ्या आणि जून टोपीत घटकांचं प्रमाण वेगळं असतं. एकाची कोवळी नि दुसऱ्याची जून टोपी घेऊन तुलना केली तर वाणाच्या नावावर वयाचा फरक खपवला जाईल. काढताना मास्क सक्तीचा. बीजाणूंची धूळ छातीत जाते आणि काहींना दम्यासारखा त्रास होतो.

वाळवून, दळून नमुने जळगावला दिले. त्रिटर्पेनं व्हॅनिलिन-पर्क्लोरिक आम्लाच्या रंगावरून, बहुशर्करा फिनॉल-सल्फ्युरिकवरून. रंगाची पद्धत सगळ्या त्रिटर्पेनांची मिळून गोळाबेरीज देते. गॅनोडेरिक आम्ल अ किती, ब किती, हे तिला विचारू नये. त्यासाठी घटक वेगवेगळे करून मोजणारं एचपीएलसी, आणि ते दोनच नमुन्यांना परवडतं.

२९ मे

अहवाल. बहुशर्करेत वाणावाणांत सांगण्यासारखा फरक नाही. त्रिटर्पेनांत आहे. वजनात पहिला आलेला ७ इथे 'सं'च्याही खाली. ११-गु 'सं'च्या किंचित वर. सगळ्यांत वर १४-गु, तोच शिंगवाला, गंजाच्या रंगाचा. जिभाऊंनी काढा न विचारता प्यायला आणि जे तोंड केलं त्यावरून हे आधीच सांगता आलं असतं.

व्यापाऱ्याला ७ दाखवला तर आजच्या आज उचलेल: मोठी टोपी, आरशासारखी चकाकी. तो घटक तपासत नाही, रूप बघतो. तरी ७ रद्द. उन्हात पडतो आणि आत कमी भरतो, मग नुसत्या चेहऱ्यावर वाण म्हणून कसा सोडायचा?

पुढे जातो तो ११-गु. आणि १४-गु पुढच्या पिढीसाठी, एक पालक म्हणून. दोघांच्या आजोळ-पणजोळात तेच दोन वाण असल्यामुळे आता सगळ्या जोड्या जुळणार नाहीत. अ आणि ब पुन्हा तपासून जोड्या लावाव्या लागतील. १४ च्या शिंगांतून बीजाणू मिळणार नाहीत, टोपीच नाही तर छिद्रं कुठून. धाग्यांतून प्रोटोप्लास्ट (भिंत उतरवलेल्या पेशी) काढून केंद्रकं सुटी करावी लागतील. ते इथे होणार नाही, विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत जागा मागितली आहे.

२ जून

११-गु चे मूळ संच तीन ठिकाणी: खनिज तेलाखाली तिरप्या नळ्या, निर्जंतुक पाण्यात अगारचे तुकडे, आणि भुश्यावर. नळीतून नळीत सारखं उतरवत राहिलं तर वाण दोन-तीन वर्षांत सैल पडतो. म्हणून कामाची नळी वेगळी आणि मूळ नळी वर्षातून एकदाच उघडायची.

नानांनी वापरलेला भुसा लिंबाच्या बुडाशी टाकायला घेतला होता, चांगलं खत म्हणून. थांबवलं. झाडं कुजवणारी बुरशी आहे आणि आता तर उन्हाला न मरणारी. सगळ्या पिशव्या पुन्हा वाफेवर, मगच खड्ड्यात.

पारोळा आणि शिरपूरच्या दोन ओळखीच्या शेडवाल्यांना ११-गु आणि 'सं' दोन्हींच्या पिशव्या, नाव न लिहिता, फक्त लाल आणि निळा दोरा बांधून. कोणता दोरा कोणाचा हे माझ्या वहीत. त्यांनी रोज दुपारी दोनचं तापमान लिहायचं आहे आणि किनार पांढरी राहिली का तेवढं. शिरपूरच्या शेडला पत्र्याचं छप्पर आहे, आमच्याहून जास्त तापतं. ११-गु तिथे पडला तर तसंच लिहीन.